शब्दांची परीक्षा : पिशवीवरचे आणि बाटलीवरचे पाच शब्द



इंग्रजी शिकायला शाळेतच गेले पाहिजे असे नाही. बियाण्याच्या पिशवीबरोबर आणि फवारणीच्या बाटलीबरोबर ते आपल्या घरात आलेलेच आहे. ते ओळखता आले नाही, तर नुकसान आपलेच. म्हणून या आठवड्याचे पाच शब्द तिथलेच घेतले आहेत. खालची उत्तरे हाताने झाका आणि घरातल्या सर्वांना विचारा.

१. हर्बिसाइड : (अ) कीटकनाशक (आ) तणनाशक (इ) बुरशीनाशक
२. जर्मिनेशन : (अ) उगवण (आ) शुद्धता (इ) ओलावा
३. एक्सपायरी डेट : (अ) माल तयार झाल्याची तारीख (आ) विक्रीची तारीख (इ) मुदत संपण्याची तारीख
४. सिस्टेमिक : (अ) अंगावर पडताच कीड मारणारे (आ) झाडाच्या रसात भिनणारे (इ) धुरी देण्याचे
५. अँटिडोट : (अ) विषावरचा उतारा (आ) फवारणीची मात्रा (इ) मुख्य घटक

उत्तरे : १-आ, २-अ, ३-इ, ४-आ, ५-अ.

आता थोडा खुलासा. ज्या शब्दाच्या शेवटी ‘साइड’ येते, तो मारणारा. इन्सेक्टिसाइड किडीला मारते, फंगिसाइड बुरशीला, हर्बिसाइड तणाला. पेस्टिसाइड हे या सर्वांचे मिळून नाव. तेव्हा दुकानात नुसते ‘पेस्टिसाइड द्या’ म्हणू नका. २,४-डी हे तणनाशक ज्वारीत चालते, पण कपाशीला फार बाधते. ते फवारलेला पंप नीट न धुता कपाशीत नेला, तरी पाने आकसतात.

जर्मिनेशनपुढचा आकडा शंभर दाण्यांपैकी किती उगवतील ते सांगतो. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्यात तो किमान ७० असावा लागतो. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून आपणही तो पडताळून पाहावा.

पाचवा शब्द सर्वांत मोलाचा. फवारणीच्या विषाला आपण सवयीने ‘औषध’ म्हणतो. इंग्रजीत मेडिसिन म्हणजे आजाऱ्याला द्यायचे औषध. बाटलीत असते ते पॉयझन, म्हणजे विष. फवारताना कोणाला घेरी आली, मळमळू लागले, तर डॉक्टरांना ‘औषध लागले’ असे मोघम सांगू नका. विषबाधा झाली असे स्पष्ट सांगा आणि बाटलीवरचे लेबल किंवा माहितीपत्रक सोबत न्या. प्रत्येक विषाला खास उतारा असतोच असे नाही. पण कोणते विष आहे हे कळले, की उपचाराची दिशा लवकर ठरते. लेबलावरचा त्रिकोणही पाहा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. मात्र हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे.

एकदा वाचून शब्द टिकत नाही. पुन्हापुन्हा विचारल्याने टिकतो. शाळेत जाणाऱ्या मुलाकडून किंवा मुलीकडून हे पाच शब्द वहीत मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहून घ्या. रोज जेवणानंतर एक शब्द विचारावा, आठव्या दिवशी पाचही. चुकलेला शब्द पुढच्या आठवड्यात पुन्हा घ्यावा. सासूबाईंनी सुनेला विचारावे, सुनेने सासूबाईंना. यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र सरावासाठी मुलांच्या हाती बाटली देऊ नका, रिकामीसुद्धा नको. शब्द वहीतूनच वाचावेत.

पुढील अंकी खताच्या पोत्यावरचे पाच शब्द पाहू. तोवर वही तयार ठेवा.