इशारा वेळेवर येतो, आपण नाही

चैत्र-वैशाखात पुणे जिल्ह्यातल्या वढू बुद्रुकच्या शिवारावर दुपारी आभाळ काळवंडते, तेव्हा गाव बेसावध नसते. मोबाइलवर इशारा येऊन पडलेला असतो: विजांचा कडकडाट, सोसाट्याचा वारा, काही ठिकाणी गारपीट. तरी संध्याकाळपर्यंत कोणाचे पत्रे उडतात, कोणाचा काढून ठेवलेला कांदा भिजतो, कुठे झाडाखाली थांबलेला मेंढपाळ विजेने दगावतो. आणि दुसऱ्या दिवशी पारावर आपण म्हणतो, निसर्गापुढे कोणाचे काय चालते! हे बोलणे आता बंद करायला हवे, कारण ते खरे नाही.

देशाच्या हवामान खात्याचे कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आले. उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था १९६२ पासून पुण्यात आहे. तिथेच विकसित झालेली, सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देणारी प्रणाली मे २०२५ मध्ये देशाच्या सेवेत आली. त्याच संस्थेचे ‘दामिनी’ ॲप जवळपास पडणाऱ्या विजेची सूचना देते. वादळी ढग तासा-दोन तासांत तयार होतो, म्हणून वीज नेमकी कोणत्या बांधावर पडेल हे शास्त्रज्ञ सांगू शकत नाहीत. पण रानातल्या माणसाने पक्क्या छताखाली जावे, एवढे वेळेत सांगता येते. अडचण एवढीच की ते पक्के छत त्याच्यापाशी नाही, आणि ते त्याला मिळवून देणे हे हवामान खात्याचे नव्हे, आपले काम आहे.

मे २०२५ मध्ये वढूपासून हाकेच्या अंतरावर, सणसवाडीला, पुणे-अहिल्यानगर रस्त्यालगतचे होर्डिंग वादळी पावसात कोसळले. त्याच्या दोन वर्षे आधी, एप्रिल २०२३ मध्ये, किवळ्याला असेच होर्डिंग पडून त्याच्या आडोशाला उभी राहिलेली पाच माणसे मेली होती. १३ मे २०२४ ला घाटकोपरला सतरा जण गेले. तिथे चाळीस फुटांची मर्यादा असताना एकशेवीस फुटांचा सांगाडा उभा होता. हे सांगाडे वाऱ्याने उभारले काय? जागेचे भाडे घेणारा, परवानगीकडे डोळेझाक करणारा, त्यावर वाढदिवसाचा फोटो लावून घेणारा आणि तो फोटो पाहून टाळ्या वाजवणारा, हे सगळे आपणच आहोत. फाल्गुन अमावास्येला शंभूराजांच्या समाधीला लाखो पावले वढूला येतात. अवकाळीचा हंगाम नेमका त्याच सुमारास सुरू होतो. ज्या राजाने देह दिला, त्याच्या वाटेवर आपण आपलेच चेहरे टांगतो आणि त्यांचे बांबू सोसाट्यात टिकतील का, हे कोणी पाहत नाही. याची मला मनापासून लाज वाटते.

पण याहून मोठा अपराध पत्र्याच्या खोल्यांचा आहे. रांजणगाव, सणसवाडी, कोरेगाव भीमा या पट्ट्यात कारखाने आले तशी शेतजमिनींवर खोल्यांची रांग उभी राहिली. बिहार-उत्तर प्रदेशातला, मराठवाडा-विदर्भातला कामगार तिथे चार-चार जणांत एक खोली घेतो. पत्रा जागेवर राहावा म्हणून वर दगड ठेवलेले असतात. वारा सुटला की तेच दगड खाली झोपलेल्या लेकरावर येतात. भाडे दर महिन्याला न चुकता घेणाऱ्या मालकाला पत्रा हुकांनी आवळायला किती खर्च येतो? महिन्याभराच्या भाड्यातून भागेल एवढाच. तो होत नाही, कारण मरणारा भावकीतला नसतो, मतदार यादीत नसतो, पंचनाम्यातही अनेकदा नसतो. भाड्याचा करार नाही म्हणून त्याच्या भिजलेल्या संसाराची नोंद कुठे करायची, असा प्रश्न तलाठ्यापुढे पडतो. जातीपातीची उतरंड मोडायला निघालेल्या या महाराष्ट्रात आपण वादळासाठी नवी उतरंड रचली आहे: स्लॅबचे घर वर, पत्रा खाली, आणि उघड्यावरचे पाल सर्वांत तळाशी.

माणसे वाचवता येतात, हे ओडिशाने दाखवले आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार बळी गेले. २०१३ च्या फायलिन चक्रीवादळाच्या वेळी लाखो लोकांना आधीच हलवले, आणि बळींची संख्या पन्नासच्या आत राहिली. आपल्याकडे मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाचे इशारे आधीच निघूनही मुंबईच्या समुद्रात पी-३०५ बार्ज थांबून राहिला. त्यावरचे आणि एका टगबोटीवरचे मिळून ऐंशीहून अधिक कामगार बुडाले.

नुकसानीचा हिशेबही आपण असाच दुबळ्यावर ढकलतो. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर अतिवृष्टी. पाऊस मोजणारे यंत्र मंडळाच्या एका ठिकाणी, ढग फुटतो दुसऱ्याच गावावर. २०२५ च्या खरिपापासून राज्याने पीकविम्यातली स्थानिक आपत्तीची भरपाईही काढून टाकली. वीज पडून माणूस गेला तर वारसाला चार लाख मिळतात. तोच जिवंत असताना रानात आडोशाला एक पक्की खोली त्याला आपण देत नाही.

अवकाळीच्या ऐन हंगामात, १ मे रोजी, प्रत्येक गावात ग्रामसभा भरते. तिच्यापुढे गावातल्या होर्डिंगांची यादी मांडावी, प्रत्येक मालकाचे नाव वाचून दाखवावे. पत्र्याच्या खोल्या हुकांनी आवळल्याशिवाय ग्रामपंचायतीतल्या त्यांच्या नोंदीला हात लावू नये. आणि सुट्टीत कुलूपबंद असलेल्या जिल्हा परिषद शाळेची किल्ली वादळी दिवसांत कोणाकडे राहील, हे ठरवून ते हिंदीतही फलकावर लिहावे, म्हणजे सणसवाडीच्या खोलीतल्या माणसालाही कळेल की ते दार त्याच्यासाठीसुद्धा उघडणार आहे.