वाड्यातली रेंज

देशात १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली फाइव्ह-जी सेवा जानेवारी २०२३मध्ये ग्वाल्हेरला पोहोचली. तिचा वेग मुख्यतः ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातून मिळतो, पण या लहरी फार लांब जात नाहीत आणि जाड भिंतींपुढे अडतात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी वाड्यांत त्यामुळे चौकात पूर्ण रेंज, माजघरात शुकशुकाट! ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी आत शिरतात, पण वेग कमी. उरतो उपाय कमी अंतरावर अँटेना बसवण्याचा. मात्र केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास बंदी, पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीची अट. ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी हा पेच खराच अवघड आहे. म्हणून प्रस्तुत अंकात जाहिरातीतल्या वेगापेक्षा टॉवरची जागा, फायबर आणि भिंती यांना अधिक पाने दिली आहेत. वाड्यात राहणाऱ्या वाचकांनी आपले अनुभव जरूर कळवावेत.