दहावीच्या पुस्तकातला पहिला धडा

“माकडाचा माणूस होताना तुमच्या आजोबानं पाहिला होता का?” हा मेसेज पवनीच्या ग्रुपांवर पुन्हा फिरायला लागलाय. खाली अंगठ्यांची रांग. त्यात एक अंगठा चक्क सायन्सच्या मास्तरांचा. म्हणून आज जरा लांब लिहितो, वाचा जी.

हा प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांच्या डोक्यातला नाही. जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादेत तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह हेच बोलले होते. पूर्वजांपैकी कुणी असं पाहिल्याचं लिहून ठेवलेलं नाही, म्हणून डार्विन चूक, अभ्यासक्रम बदला. गृहस्थ आधी मुंबईचे पोलीस आयुक्त! डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार नाही म्हणून गुन्हाच घडला नाही, असं त्यांच्या खात्यात चालतं का? मग बोटांचे ठसे कशाला घेतात? देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी तेव्हा त्यांचं म्हणणं जाहीरपणे खोडून काढलं. पण मेसेज काही मेला नाही.

आणि मुळात आजच्या माकडाचा माणूस झाला असं डार्विन म्हणतच नाही. आपण आणि चिंपांझी चुलतभाऊ, दोघांचा पूर्वज एक. चुलतभाऊ जिवंत आहे म्हणून आजोबा झालाच नाही, असं कुणी म्हणतं का?

पाहायचंच असेल तर नदीपलीकडे नागभीड तालुक्यातल्या नांदेडला जा. तिसरी शिकलेल्या दादाजी खोब्रागडेंना 1983 मध्ये ‘पटेल 3’ धानाच्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वर्षानुवर्षं निवडून पेरल्या आणि ‘एचएमटी’ तयार झाला. आज आपल्या ताटात असतो तो. पिढीत वेगळेपणा येतो, निवड होते, जात बदलते. डार्विननं पुस्तकाची सुरुवात अशाच पाळीव जातींपासून केली होती. दादाजींनी निवडलं ते निसर्गही निवडतो, फक्त त्याला घाई नसते. बीटी कपाशीवर औषधाला न मरणाऱ्या थोड्या बोंडअळ्या उरल्या, त्यांचीच पिल्लावळ वाढली आणि 2017 ला विदर्भाची कपाशी खाऊन गेली. शेतकऱ्यानं उत्क्रांतीची किंमत रोख मोजलीय भाऊ.

यावर ठरलेलं उत्तर येतं, “धानाचं धानच राहिलं ना?” बरोबर, पण दादाजींकडे काही वर्षंच होती. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडच्या पिसदुऱ्याला डायनोसॉरचं दगड झालेलं शेण सापडतं, साडेसहा कोटी वर्षांहून जुनं. त्यात गवताचे सूक्ष्म कण निघाले, अगदी धानाच्या कुळातल्या गवताचेही. त्या थरात माणसाचा एक दात दाखवा, उत्क्रांतीचं दुकान उद्याच बंद होईल. दीडशे वर्षांत जगात कुठंच कुणाला तो सापडलेला नाही.

आणखी एक गंमत. हेच लोक दुसऱ्या दिवशी मत्स्य, कूर्म, वराह मोजून सांगतात की डार्विनचं सगळं आपल्या दशावतारात आधीच होतं. अहो, एक काहीतरी ठरवा. चूक आहे की आपलंच आहे?

हसून सोडून दिलं असतं. पण 2023 च्या एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्यातून उत्क्रांती गेली, नुसती आनुवंशिकता उरली. अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ, शिक्षकांनी सह्या करून विरोध केला. सांगितलं काय, तर बारावीला आहे. बारावीला जीवशास्त्र घेणारी पोरं किती? कॉमर्स, आर्ट्स, आयटीआयवाल्यांनी कुठं शिकायचं?

आपल्या बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. आता राज्यात सीबीएसईच्या धर्तीवर अभ्यासक्रम टप्प्याटप्प्यानं आणायची घोषणा झालीय. दहावीपर्यंत तो येईल तेव्हा हा धडा राहणार का, हे आपल्या आमदारांना आत्ताच विचारा. पुस्तक छापून आल्यावर बोंबलून उपयोग नाही.

आणि अंगठा देणारे मास्तर, तुम्हाला एकच विचारतो. हा धडा यंदा वर्गात शिकवला, की “घरी वाचून घ्या” म्हणून पुढे गेलात?