एक दिवसाचा पाहुणा

‘एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल गेली,’ असे आपले वाडवडील सांगून गेले. इटलीतील व्हेनिस शहराने ही म्हण उलटी केली आहे. तिथे मुक्काम करणाऱ्या पाहुण्याला प्रवेशशुल्क माफ असते. सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्याला मात्र गर्दीच्या ठरावीक दिवशी ते भरावे लागते. २०२४ साली हा नियम सुरू झाला. वेळेवर नोंद केली तर पाच युरो, ऐनवेळी आलात तर दहा!

गेल्या मे महिन्यात एका शुक्रवारी आम्ही उभयता हे पाच-पाच युरो भरून व्हेनिसला गेलो. आगगाडी समुद्राच्या खाडीवरील लांबलचक पुलावरून शहरात शिरते. स्टेशनाच्या पायऱ्या उतरलात की समोर टांगा नाही, मोटार नाही; एकदम पाणी! हाच मोठा कालवा. शंभराहून अधिक बेटे आणि चारशेंहून अधिक पूल मिळून हे शहर झाले आहे. चिखलात लाकडी मेखा ठोकायच्या, त्यांवर दगडी पाया घालायचा आणि त्यावर प्रासाद उभारायचा, असा इथला रिवाज. चिखलात हवा फारशी पोचत नाही, म्हणून ते लाकूड शतकानुशतके टिकते.

एक नंबरची जलबस पकडून आम्ही रियाल्टोला उतरलो. १५९१ साली पुरा झालेला तिथला दगडी पूल सगळे पाहतात. आम्ही आधी मासळीबाजार गाठला. कोकणच्या माणसाला दुसरे काय सुचणार? तिथे भिंतीवर एक जुनी संगमरवरी पाटी आहे. कोणता मासा किती सेंटिमीटरांहून लहान असेल तर विकायचा नाही, हे तीवर कोरलेले आहे. आज सगळेच ओरबाडले तर उद्या जाळ्यात काय येणार, हा साधा हिशेब.

बाजाराजवळच कालवा ओलांडायला होडी मिळते. गंडोल्यात अर्धा तास बसायचे तर नव्वद युरो. या होडीत दोन युरोंत उभ्याने पलीकडे. सौभाग्यवतींनी माझा दंड घट्ट धरला आणि डोळे मिटून प्रवास केला. परंतु ‘गंडोल्यात बसले होते’ असे त्या आज सर्वांना सांगतात, आणि ते खोटे नाही.

पुढे एका चौकात दगडी विहीर दिसली. चहूकडे पाणी, पण सारे खारट! म्हणून चौकाखाली वाळू भरून पावसाचे पाणी त्यातून गाळून साठवीत. १८८४ साली मुख्य भूमीवरून नळाने पाणी येईपर्यंत गाव त्यावर जगले. आज विहिरीला झाकण आहे. काठावर एक आजीबाई टेकल्या होत्या, शेजारी भाजीची चाकांची पिशवी. थोड्या वेळाने त्या उठल्या आणि पुलाच्या पायऱ्यांवरून ती पिशवी एकेक पायरी ओढीत निघून गेल्या. त्या दिवसात आम्हाला दिसलेल्या मोजक्या व्हेनिसवासीयांपैकी त्या एक.

हे मी अलंकारिक बोलत नाही. रियाल्टोजवळच्या सान बार्तोलोमेओ चौकात एका औषधांच्या दुकानाच्या काचेत दिव्यांचा आकडा लावलेला आहे. जुन्या शहरात आज किती माणसे राहतात, तो हा आकडा. १९५१ साली ती सुमारे पावणेदोन लाख होती. आज ४८ हजारांच्या आसपास आहेत. घरे पाहुण्यांना भाड्याने देण्यात अधिक पैसा, म्हणून तरुण मंडळी मुख्य भूमीवर राहायला जातात. शाळकरी मुले कमी होतात आणि वाण्याच्या दुकानात मुखवटे विकायला लागतात.

सेंट मार्कच्या चौकात तर मुंगीला वाट नव्हती. तिथल्या चर्चवरचे चार घोडे १२०४ साली कॉन्स्टँटिनोपलहून लुटून आणलेले. १७९७ साली नेपोलियनने तेच पॅरिसला नेले आणि १८१५ साली ते परत आले. आता अस्सल घोडे आत आहेत, बाहेर दिसतात त्या प्रतिकृती. जो तो त्यांचे छायाचित्र काढून पुढे सरकत होता. नेपोलियनने नेलेले घोडे परत तरी आले. या गर्दीत गावातून निघून गेलेली माणसे कोण परत आणणार?

संध्याकाळी सहानंतर लोंढा स्टेशनाकडे वळला आणि गावाचा आवाज बदलला. वल्ह्याचा चुबुक ऐकू येऊ लागला, एका खिडकीतून कांदा परतल्याचा वास आला, चौकात दोन पोरे चेंडू खेळू लागली. ‘आता कुठे गाव घरी आले,’ सौभाग्यवती म्हणाल्या. आमची गाडी मात्र आठची होती.

तेव्हा वाचकहो, व्हेनिसला जाणार असाल तर एक रात्र तिथे राहा. उन्हाळ्याऐवजी हिवाळ्यात जा, भाजी बाजारातून घ्या, पुलावर वाट अडवून छायाचित्रे काढू नका आणि पिशवी ओढणारी आजी दिसली तर बाजूला व्हा. माशांसाठी त्या गावाने माप कोरून ठेवले आहे. पाहुण्यांचे माप ते अजून शोधीत आहे. ते सापडेपर्यंत आपले आपणच पाळलेले बरे.