विजेचा इशारा बांधीपर्यंत कधी पोहोचणार?

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत उघड्यावर राबणाऱ्या माणसाचे विजेपासून रक्षण कसे करायचे, हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार देशात वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसे वीज पडून मरतात. आपल्याकडे उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडणारे मजूर, पावसाळ्यात रोवणीच्या बाया आणि गुराखी यांना हा धोका सर्वात जास्त.

वारा फिरला, गार झुळूक आली की पाणी येणार, हे जुन्या माणसाले सांगावं लागत नाही. हा अंदाज खोटा नाही. वादळी ढगातून खाली कोसळणारी थंड हवाच जमिनीवरून पुढे धावत येते. पण ती अंगाला लागली, तेव्हा ढग जवळ आलेला असतो. शिवाय अशा वेळी पाय आपोआप मोहाच्या झाडाकडे वळतात आणि तिथेच घात होतो. आभाळ ओळखणारा डोळा आसरा निवडताना चुकतो.

यंत्राला लांबचे दिसते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे मोबाइल ॲप २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात वीज पडत असल्याचा इशारा देते. पण भामरागड, एटापल्लीच्या आतल्या गावांत रेंज कुठे? असली तरी चिखलात रोवणी करणाऱ्या बाईचा फोन धुऱ्यावरच्या पिशवीत असतो. नागपूरचे रडार भामरागडपासून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरहून दूर आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे एवढ्या अंतरावर त्याचा किरण बराच उंचावरून जातो. खालचे ढग त्याला दिसत नाहीत.

म्हणून डोळा आणि यंत्र, दोन्ही हवेत. रेंज नसेल तर मोजणी करावी. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंद भरले नाहीत, तर वीज साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे. काम सोडून पक्के घर गाठावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

खरी अडचण पुढेच आहे. रोवणी अनेकदा ठेक्याने घेतलेली असते, तेंदूपत्त्याची मजुरी पुड्यांवर मिळते. काम थांबले की पैसा थांबला. आभाळ काळे झालेले दिसते, गडगडाटही ऐकू येतो; तरी 'एवढी बांधी उरकून घेऊ' म्हणत बाया वाकलेल्याच राहतात. त्यांना अक्कल नाही म्हणून नव्हे, घरी चूल पेटवायची असते म्हणून.

तेव्हा ग्रामपंचायतीने भोंग्यावरून इशारा द्यावा, कोतवालाने तो शिवारात पोहोचवावा. भोंगा वाजला की काम बंद आणि त्या वेळेची मजुरी कापायची नाही, असा ठराव ग्रामसभेने रोवणीआधीच करावा. माणूस गेल्यावर शासन वारसांना ४ लाखांची मदत देते. जिवंत माणसाला अर्ध्या तासाची मजुरी देणे गावाला जड जाऊ नये.