अहवालाआधी औषध

विषाणूरोधक औषधांनी साथीत काही साधत नाही, हे मत आपल्याकडे शिकल्यासवरलेल्या माणसांतही पक्के बसले आहे. ते उगाच बसलेले नाही. एप्रिल 2021 मध्ये रेमडेसिविरसाठी महाराष्ट्राने केलेली वणवण कुणी विसरलेले नाही. रुग्णालयाने चिठ्ठी लिहून द्यायची आणि मुलाने, जावयाने, भावाने ती हातात धरून या दुकानातून त्या दुकानात हिंडायचे. केंद्राने 11 एप्रिलला निर्यात थांबवली, जिल्हा प्रशासनाने वाटप हातात घेतले, तरी काळा बाजार थांबला नाही. दागिने मोडून इंजेक्शन मिळवले आणि माणूस तरीही गेला, असे कितीतरी घरांत झाले. मग कळले की, दाखल रुग्णांना हे औषध देऊ नये अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2020 मध्येच केली होती. तिच्या चाचणीत अकरा हजारांवर रुग्ण होते आणि रेमडेसिविर दिलेल्यांतले मृत्यू कमी झालेले दिसले नव्हते. लोकांनी यातून काढलेला निष्कर्ष सरळ होता: ही औषधे म्हणजे फसवणूक.

हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि पुढच्या साथीत तो माणसे मारील, म्हणून तो खोडून काढणे भाग आहे.

त्याच रेमडेसिविरची दुसरी चाचणी डिसेंबर 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात 562 रुग्ण होते. सगळे लस न घेतलेले, वयाने किंवा जुन्या आजाराने जोखमीचे, पण अजून घरीच असलेले. लक्षणे सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत त्यांना तीन दिवस औषध दिले गेले. दाखल होण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण 87 टक्क्यांनी घटले. औषध तेच, विषाणू तोच. फरक एवढाच की पहिल्या चाचणीतले रुग्ण खाटेवर पोचलेले होते आणि दुसऱ्या चाचणीतले पोचायचे होते.

यात गूढ काही नाही. विषाणूरोधक औषध विषाणूची वाढ थांबवते. फ्लू असो वा कोविड, विषाणूची वाढ पहिल्या काही दिवसांतच टोकाला जाते. श्वास लागतो तोवर फुप्फुसांना सूज आलेली असते, शरीराचीच प्रतिकारशक्ती तिथे धुमाकूळ घालत असते, आणि अशा वेळी विषाणूची वाढ रोखून उपयोग थोडाच होतो. एप्रिल 2021 मध्ये आपण आठव्या-दहाव्या दिवसाच्या रुग्णासाठी पहिल्या आठवड्याचे औषध शोधत होतो. दोष औषधाच्या माथी मारला गेला, वेळेचा हिशेब कुणी मागितलाच नाही.

आता फ्लूकडे येतो, कारण तिथे आपल्याला पंधरा वर्षांहून जास्त अनुभव आहे आणि तरीही तीच चूक चालू आहे.

3 ऑगस्ट 2009 रोजी पुण्यात चौदा वर्षांच्या एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. स्वाइन फ्लूने भारतात झालेला तो पहिला मृत्यू. त्यानंतर नायडू रुग्णालयापुढच्या रांगा, तोंडाला बांधलेले रुमाल आणि बंद पडलेल्या शाळा पुणेकरांनी पाहिल्या. ओसेल्टामिविर, म्हणजे लोकांच्या तोंडातले टॅमिफ्लू, तेव्हा औषधांच्या दुकानात मिळत नव्हते. सरकारने किरकोळ विक्री बंद ठेवून ते ठरावीक सरकारी रुग्णालयांतच ठेवले होते. सप्टेंबरमध्ये दुकानांना परवानगी मिळाली, पण अनुसूची एक्सखाली, म्हणजे खास परवाना असलेल्या मोजक्या दुकानांनाच. ही अट पुढे कितीतरी वर्षे राहिली. 2017 मध्ये औषध एच-वन अनुसूचीत आले, तेव्हा कुठे ते साध्या दुकानात ठेवता येऊ लागले. दरम्यान 2015 ची मोठी साथ येऊन गेली होती. त्या एका वर्षात देशात 42 हजारांवर रुग्ण नोंदले गेले आणि जवळपास तीन हजार माणसे दगावली. त्यांतली नऊशेच्या आसपास एकट्या महाराष्ट्रातली.

औषध कुलपात ठेवण्यामागे एक युक्तिवाद होता आणि तो आजही ऐकू येतो: सर्रास वापर झाला तर विषाणू औषधाला दाद देईनासा होईल. ही भीती अँटिबायोटिक्सच्या बाबतीत शंभर टक्के खरी आहे. ओसेल्टामिविरचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. या औषधाला न जुमानणारा हंगामी एच1एन1 विषाणू 2008 च्या जानेवारीत प्रथम ठळकपणे लक्षात आला तो नॉर्वेत, जिथे हे औषध फारसे वापरले जात नव्हते. जगात सर्वाधिक ओसेल्टामिविर तेव्हा जपान वापरत होता आणि तिथे असा विषाणू सुरुवातीला क्वचितच सापडत होता. त्याच जपानने 2009 च्या साथीत दवाखान्यातच झटपट चाचणी आणि लगेच औषध हा शिरस्ता ठेवला. तिथे मृत्यू दोनशेच्या आसपास राहिले आणि गरोदर स्त्रियांत एकही मृत्यू नोंदला गेला नाही. याचे सगळे श्रेय औषधाला देणे बरोबर नाही; शाळा लवकर बंद झाल्या, दवाखाने जवळ होते, लोक पहिल्याच दिवशी डॉक्टरकडे जातात. पण प्रतिकाराच्या भीतीपोटी जोखमीच्या रुग्णाचे औषध अडवावे, याला या इतिहासात आधार नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. 2014 मध्ये कॉक्रेनच्या संशोधकांनी ओसेल्टामिविरच्या चाचण्यांचे मूळ अहवाल मिळवून तपासले. प्रौढांची लक्षणे सात दिवसांऐवजी 6.3 दिवसांत थांबतात, रुग्णालयात जाणे टळते याला भक्कम पुरावा नाही, मळमळ आणि उलट्या मात्र वाढतात, असे त्यांना दिसले. त्या संशोधकांनी कंपनीकडून माहिती बाहेर काढण्यासाठी दिलेली झुंज आदराने आठवावी अशीच आहे. 2023 मध्ये झालेल्या आणखी एका मोठ्या संकलनातही घरी उपचार घेणाऱ्यांचे दाखल होणे कमी झालेले दिसले नाही. मी हे निष्कर्ष मान्य करतो. धडधाकट तरुणाला दोन दिवस खोकला झाला म्हणून ओसेल्टामिविर देऊ नये, हेही मान्य करतो.

पण त्या चाचण्यांत होते कोण? बहुतेक धडधाकट माणसे, ज्यांच्यावर रुग्णालयात जाण्याची वेळ मुळातच क्वचित येते. गरोदर स्त्रियांना औषधांच्या चाचण्यांतून बहुधा वगळलेच जाते. त्यांच्याविषयीचा पुरावा दुसरीकडे शोधावा लागतो, आणि तो आहे. कॅलिफोर्नियाच्या आरोग्य विभागाने 2009 च्या साथीतल्या गरोदर स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. लक्षणांनंतर दोन दिवसांच्या आत औषध मिळालेल्यांच्या तुलनेत उशिरा औषध मिळालेल्या स्त्रियांना अतिदक्षता विभागात जाण्याचा किंवा मृत्यूचा धोका चौपटीहून अधिक होता. अमेरिकेच्या लोकसंख्येत गरोदर स्त्रिया शंभरात एक. त्या साथीतल्या नोंदलेल्या मृत्यूंत त्या शंभरात पाच होत्या. 38 देशांतल्या 29 हजारांवर दाखल रुग्णांच्या 2014 च्या अभ्यासात, दोन दिवसांच्या आत औषध सुरू झालेल्यांत मृत्यूची शक्यता उशिरा सुरू झालेल्यांच्या निम्म्यावर आलेली दिसली. या शेवटच्या अभ्यासाला औषध बनवणाऱ्या रोश कंपनीचे अनुदान होते आणि तो यादृच्छिक चाचणी नव्हता, हे वाचकाला सांगायलाच हवे. म्हणून मी त्याच्यावर एकट्यावर भिस्त ठेवत नाही. कॅलिफोर्नियाच्या नोंदी वेगळ्या हातांनी ठेवलेल्या होत्या आणि त्याही तिकडेच बोट दाखवतात.

तिसरा आक्षेप आपल्या दवाखान्यांत रोज कानावर येतो: आधी रिपोर्ट येऊ द्या.

एक उदाहरण कल्पून पाहा. सातव्या महिन्यातली बाई, गाव तालुक्यापासून वीस किलोमीटर. ऑगस्टचा पाऊस. सोमवारी संध्याकाळी कणकण, घसा धरलेला. घरातली माणसे म्हणतात पावसात भिजली, आल्याचा काढा करून देतात. मंगळवारी ताप चढतो, पण पोटाशी असताना गोळ्या नकोत म्हणून ती ताप अंगावर काढते. बुधवारी गावातला डॉक्टर तपासतो, पॅरासिटामोल आणि एक अँटिबायोटिक देतो, सलाईन लावतो आणि दोन दिवसांनी बोलावतो. गुरुवारी खोकला इतका की झोप नाही. शुक्रवारी तालुक्याला स्वॅब घेतला जातो आणि पुढच्या प्रयोगशाळेत जातो. रविवारी रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो, तेव्हा ती जीप करून जिल्ह्याच्या वाटेवर असते आणि बोटांची नखे निळसर पडलेली असतात. या सहा दिवसांत कुणी बेपर्वाई केलेली नाही. प्रत्येकाने आपल्या समजुतीप्रमाणे काळजीच घेतली. पण बुधवारी सकाळी ज्या दहा कॅप्सूल हातात पडायला हव्या होत्या, 75 मिलिग्रॅमची एक सकाळी आणि एक रात्री, पाच दिवस, त्या पडल्या नाहीत.

खेदाची गोष्ट अशी की आपला सरकारी नियम याबाबत 2009 पासूनच शहाणा आहे. त्यात रुग्णांचे अ, ब, क असे वर्ग पाडले आहेत. साधा सर्दी-ताप 'अ' मध्ये. त्याला चाचणीही नको, ओसेल्टामिविरही नको. लक्षणे सौम्य असली तरी रुग्ण गरोदर असेल, पाच वर्षांखालचा किंवा पासष्टीपुढचा असेल, त्याला मधुमेह, दमा, हृदयाचा, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा विकार, कर्करोग, एचआयव्ही असेल, तो दीर्घकाळ स्टिरॉइड घेत असेल, तर तो 'ब' मध्ये. त्याला ओसेल्टामिविर सुरू करायचे, चाचणीसाठी थांबायचे नाही. धाप, छातीत दुखणे, रक्तदाब उतरणे, निळी नखे असा 'क' वर्गातला रुग्ण लगेच दाखल करायचा, त्याचा स्वॅब घ्यायचा आणि औषध त्याच क्षणी चालू करायचे. 'दोन दिवस बघू' हा सल्ला 'अ' वर्गासाठी उत्तम आहे. तो 'ब' वर्गातल्या बाईला दिला जातो, तिथे घात होतो.

पावसाळ्यात ज्याला त्याला ताप असतो, मग सगळ्यांना हे औषध वाटायचे का, असे विचारले जाते. नाही. साथ चालू असताना, खोकला किंवा घसा धरलेला असताना आणि रुग्ण 'ब' वर्गात असताना. डेंगी-मलेरियाची रक्ततपासणी त्याच दिवशी करावी. ओसेल्टामिविर सुरू केल्याने ती अडत नाही. दोन दिवसांनी निदान दुसरेच निघाले तर औषध बंद करता येते. हुकलेले दोन दिवस मात्र परत आणता येत नाहीत. मूत्रपिंड निकामी असलेल्यांना मात्रा कमी करावी लागते, तेवढी दक्षता डॉक्टरने घ्यायची आहे.

वेळेवर दिले की कोणतेही औषध चालते, असा मात्र माझा दावा नाही. जून 2020 मध्ये 103 रुपयांना एक गोळी या भावाने फॅविपिराविर बाजारात आले आणि कच्च्या पुराव्यावर घरोघर घेतले गेले. मोल्नुपिराविरला डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली; ब्रिटनमध्ये पंचवीस हजारांवर, बहुतांश लस घेतलेल्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत त्याने दाखल होणे किंवा मृत्यू कमी झाले नाहीत. गर्भाला धोका असल्याने गरोदर बाईला तर ते वर्ज्यच. उलट निर्माट्रेलविर-रिटोनाविर या जोडगोळीने, लस न घेतलेल्या जोखमीच्या रुग्णांना तीन दिवसांच्या आत दिल्यावर, दाखल होणे आणि मृत्यू 89 टक्क्यांनी घटवले. मार्च 2022 मध्ये ती बनवण्याचे परवाने अनेक भारतीय कंपन्यांना मिळाले, एप्रिलमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची जोरदार शिफारस केली. तोवर जानेवारीची ओमिक्रॉनची लाट ओसरून गेली होती. या गोळीतले रिटोनाविर कोलेस्टेरॉलच्या, हृदयाच्या आणि अवयव-प्रत्यारोपणानंतरच्या कित्येक औषधांशी भिडते. साठीच्या माणसाच्या डब्यात नेमक्या याच गोळ्या असतात. त्या कुणाला, कुठल्या आणि किती दिवस थांबवायच्या, हे साथ आल्यावर फोनवर ठरवत बसलो तर पहिले तीन दिवस त्यातच जातील.

म्हणून तयारी आधी हवी. प्राथमिक आरोग्य केंद्रातच नव्हे, उपकेंद्रातही पावसाळ्यापूर्वी ओसेल्टामिविर पोचलेले असावे. गरोदर बाईच्या तपासणीत आशाताईने लोहाच्या गोळ्यांबरोबर एक वाक्य सांगावे: ताप आणि खोकला एकत्र आला तर त्याच दिवशी ये. मधुमेह, डायलिसिस, केमोथेरपीच्या रुग्णांना त्यांच्या डॉक्टरांनी हेच सांगून ठेवावे. गावात तापाचा रुग्ण पहिल्या दिवशी ज्याच्याकडे जातो तो डॉक्टर बहुतेक वेळा आयुर्वेदाची किंवा होमिओपॅथीची पदवी घेतलेला असतो. त्याला वगळून आखलेली कोणतीही योजना कागदावरच राहणार. त्याने लिहून द्यायचे नसेल तर त्याच तासाला रुग्ण कुठे पाठवायचा, हे त्याच्या टेबलावर लिहिलेले हवे.

लस असताना औषधाची एवढी काळजी कशाला, असेही कुणी म्हणेल. लस घ्यायलाच हवी, गरोदर बाईने तर नक्कीच. पण प्रत्यारोपण झालेल्या किंवा कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या माणसाचे शरीर लशीला पुरेसा प्रतिसाद देत नाही, आणि नव्या साथीत पहिले कित्येक महिने लस नसतेच. 2009 मध्ये नव्हती, 2020 मध्ये नव्हती.

आरोग्य खात्याकडे माझी मागणी एवढीच आहे. फ्लूच्या प्रत्येक मृत्यूनंतर मृत्यू परीक्षण समिती कागद भरते. त्या कागदावर पहिले लक्षण कोणत्या तारखेला दिसले आणि विषाणूरोधक औषधाचा पहिला डोस कोणत्या तारखेला, किती वाजता दिला, या दोन नोंदी सक्तीच्या कराव्यात, आणि त्यांतले अंतर जिल्हावार, दर हंगामाच्या अखेरीस, लोकांपुढे ठेवावे.