ताट वाढले, पण खाल्ले किती?

जव्हार तालुक्यातील साखरशेतच्या परिसरात भात, नाचणी, वरई ही पावसावरची पिके. सुगी सरली की जव्हार-मोखाड्यातील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर मजुरीसाठी बाहेर पडतात आणि वृद्ध मागे राहतात. त्यांना स्वतःच रांधावे लागते. वृद्धाश्रमात ताट आयते समोर येते. धोका मात्र दोन्हीकडे एकच : वृद्धाचे खाणे हळूहळू घटते आणि ते कोणाच्याही ध्यानात येत नाही.

2007 च्या ज्येष्ठ नागरिकविषयक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. परंतु निवारा मिळाला म्हणजे पोषण झाले, असे नव्हे.

वयाबरोबर भूक मंदावते, प्रथिनांची गरज मात्र कमी होत नाही. वजनाच्या दर किलोमागे रोज किमान 1 ग्रॅम, म्हणजे 50 किलो वजनाच्या व्यक्तीस 50 ग्रॅम प्रथिने हवीत. पातळ वरण-भात आणि चहा-बिस्किटांवर ती भागत नाहीत. मग स्नायू झिजतात, तोल जातो, जखमा उशिरा भरतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. प्रथिने जेमतेम 7 ग्रॅम. म्हणून नाचणीची लापशी दुधात शिजवावी, आंबिलीत ताक घालावे, भाकरीसोबत कुळथाचे पिठले किंवा उडदाची दाट आमटी द्यावी. चालत असल्यास अंडे, काटे काढलेली मऊ मासळी द्यावी. दात नसल्यास भाकरी आमटीत कुसकरावी. जेवताना वारंवार ठसका लागत असेल, तर डॉक्टरांना अवश्य दाखवावे.

संस्थाचालकांनी आणि कुटुंबीयांनी तीन गोष्टी नेमाने पाहाव्यात. दरमहा एकाच काट्यावर वजन करावे. तीन ते सहा महिन्यांत 5 टक्क्यांहून अधिक, म्हणजे 50 किलोंमागे अडीच किलोंहून जास्त घट झाल्यास तपासणी करून घ्यावी. ताटात काय उरले, याची नोंद ठेवावी. सायंकाळी सातला जेवण आणि सकाळी नऊला न्याहारी असेल, तर मधला उपास चौदा तासांचा होतो. निजण्यापूर्वी पेलाभर दूध द्यावे.

आणि विचारावे, "तुम्हांला काय आवडते?" जन्मभर नाचणीची भाकरी खाल्लेल्या माणसाला ती परक्या ठिकाणी मिळाली, तर दोन घास अधिक जातात. उतारवयात त्या दोन घासांचे मोल फार मोठे असते.